आधी ताट भर, मग वजन उचल

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी २० वर्षांची, पुण्यात शिकते, कॉट बेसिसवर राहते आणि मेसचा डबा खाते. उंची १५७ सेंटिमीटर. तीन महिन्यांपूर्वी वजन ५१ किलो होतं, आता ४६ आहे. मोबाइलवरच्या ॲपने रोजच्या १२०० कॅलरी ठरवून दिल्या. भात बंद, तूप बंद, रात्री सूप किंवा काकडी. सकाळी तासभर ट्रेडमिल आणि त्यानंतर ‘थोडी वेट्स’. आता जिना चढताना दम लागतो, केस गळतात. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात हिमोग्लोबिन ९.८ भरलं म्हणून तिला परत पाठवलं. पाळी तीन महिने आलेली नाही. ट्रेनर म्हणतो प्रोटीन पावडर घे. आई म्हणते वजनं उचलू नकोस, पुढे मूल होताना त्रास होईल. आणि एवढं करूनही पोट कमी झाल्यासारखं वाटत नाही.

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. १९ वर्षं मी मुलींना ताकदीचा व्यायाम शिकवते आहे. तुझ्या प्रश्नात तू पाळीचा उल्लेख अगदी जाता जाता केलास. माझ्या लेखी तोच पहिला प्रश्न आहे.

एक हिशेब करून बघू. तू १२०० कॅलरी खातेस. ट्रेडमिल आणि वेट्स मिळून साधारण ३०० खर्च होतात. उरल्या ९००. तुझ्या ४६ किलोंतली चरबी वगळली, तर स्नायू, हाडं, अवयव, रक्त असं मिळून जेमतेम ३५ किलो शरीर आहे. ९०० ला ३५ ने भागलं की किलोमागे २६ कॅलरी येतात. क्रीडावैद्यकात या आकड्याला फार महत्त्व देतात. किलोमागे ४५ च्या आसपास उरल्या, तर शरीराची सगळी कामं नीट चालतात. ३० च्या खाली काही आठवडे राहिलं, तर शरीर काटकसर सुरू करतं. ३० ही काही लक्ष्मणरेषा नाही, कुणाला ३२ वरही त्रास होतो. पण २६ म्हणजे सरळ उपासमार आहे, मग पोट काकडीने भरलेलं का असेना.

काटकसर करताना शरीर आधी काय बंद करतं? हृदय आणि श्वास बंद करता येत नाहीत. बाळंतपणाची तयारी मात्र पुढे ढकलता येते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून बीजकोशांना जाणारे इशारे मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं आणि पाळी थांबते. इस्ट्रोजेन घटलं की हाडांची झीज वाढते. आणि तुझं वय नेमकं हाडं भरण्याचं आहे. विशीच्या मध्यापर्यंत, फार तर अखेरीपर्यंत हाडांत जी जमा होते, तिच्यावर पुढची सगळी वर्षं काढायची असतात. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ‘रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट’ असं नाव दिलं. खेळाडूंसाठी दिलेलं नाव असलं, तरी कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींमध्ये मी ती सर्रास पाहते.

ती मी स्वतःही भोगली आहे. २२ व्या वर्षी एका स्पर्धेच्या वजनगटात बसण्यासाठी मी सहा किलो उतरवले. सात महिने पाळी आली नाही. तेव्हाच्या माझ्या प्रशिक्षकांनी ‘कटकट गेली, आता सरावात खंड नाही’ असं म्हटलं आणि मीही ते खरं मानलं. मग नडगीचं हाड दुखायला लागलं. ते मी दीड महिना अंगावर काढलं. तपासलं तेव्हा हाडाला बारीक चीर होती. चार महिने सराव बंद झाला. त्या वयात हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, असं मला वाटतं. म्हणून तुला इतकं लांबवून सांगते आहे.

तेव्हा याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सगळ्यात आधी त्या गरोदरपणाची तपासणी करतील. त्यात अपमान वाटून घेऊ नकोस, पाळी चुकली की ती सगळ्यांचीच करतात. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि गरज वाटल्यास आणखी हार्मोन्स. सोनोग्राफीत बीजकोशावर बारीक गाठी दिसल्या म्हणजे लगेच ‘पीसीओएस’, म्हणजे हार्मोन बिघडून होणारा बीजकोशांचा विकार, समजू नकोस. या वयात अशा गाठी निरोगी मुलींमध्येही दिसतात. आणि तुझ्यासारखी खाणं तोडून पाळी गेलेली मुलगी पीसीओएस समजून आणखी कमी खायला लागली, तर सगळंच उलटं होतं. म्हणून डॉक्टरांना वजन किती दिवसांत किती उतरलं, काय खातेस, व्यायाम किती करतेस, हे सगळं न लपवता सांग. आणखी एक गोष्ट. गोळ्या घेऊन पाळी ‘आणली’, म्हणजे शरीर सावरलं असं होत नाही. गोळ्या थांबल्यावर आलेला रक्तस्राव हा त्या गोळ्यांचा परिणाम असतो. आपली आपण पाळी येणं, हीच खूण धरायची.

आता हिमोग्लोबिन. तुझ्या वयाच्या मुलीचं ते किमान १२ हवं. ९.८ म्हणजे मध्यम पंडुरोग. यात तू एकटी नाहीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के पंडुरोगी आढळल्या. जिना चढताना लागणारा दम हा ‘स्टॅमिना नाही’ म्हणून लागतो, असं तुला वाटतंय आणि तू ट्रेडमिल वाढवतेस. रक्तातच प्राणवायू वाहून न्यायला माणसं कमी आहेत, तिथे ट्रेडमिल काय करणार? हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घे. शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळायची, आठवते? बहुतेक मुली ती दप्तरात ठेवायच्या किंवा खिडकीतून टाकायच्या, कारण मळमळायचं. आता डॉक्टर लोहाची गोळी देतील ती तशी टाकू नकोस. शौचाला काळं होतं, कधी बद्धकोष्ठ होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फारच त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून दिवसाआड घेता येते. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी घ्यायची नाही. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून लगेच थांबायचंही नाही. साठा भरायला पुढे आणखी दोन-तीन महिने लागतात.

आणि चहा. पोह्यांबरोबर अमृततुल्यचा कटिंग, जेवण झालं की पुन्हा एक. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. चहा सोड असं मी कुणालाच सांगत नाही, पण जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको. त्याऐवजी वरणावर, उसळीवर लिंबू पिळ. पेरू, आवळा, मोसंबी जे मिळेल ते जेवणाबरोबर खा. कडधान्यातलं लोह त्याने कितीतरी चांगलं अंगी लागतं. घरी गेलीस की आईला अळिवाचे लाडू करायला सांग. बाळंतिणीलाच द्यायचे असा काही नियम नाही. मासे चालत असतील तर सुकट, जवळा वर्ज्य करू नकोस.

आता मेसच्या डब्याकडे वळू, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण, भात. हे जेवण वाईट नाही. त्यात प्रथिनं कमी पडतात, आणि तू त्यातलाही भात काढून टाकलास. भाताने पोट सुटतं हे डोक्यातून काढ. वरणभात हे तांदूळ आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात असं जेवण आहे. एक चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी. त्याने काही बिघडत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रथिनांचं प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलं आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त लागतात, १.२ ते १.६ ग्रॅम. तुझ्यासाठी दिवसाला ६० ते ७० ग्रॅम पुष्कळ झाले. तू अंडी खातेस पण घरी चालत नाहीत, असं तू लिहिलं आहेस. पुण्यात खा. खोलीवरच्या इलेक्ट्रिक किटलीत दोन अंडी उकडली की १२ ग्रॅम झाले. पाव लिटर दूध, ८ ग्रॅम. दाणे घातलेले बशीभर पोहे, ६ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्यांचे ९, वाटीभर घट्ट वरणाचे ६, वाटीभर दह्याचे ४. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, ६ ग्रॅम. रात्री एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, थोडा भात आणि ताक मिळून १८ धर. बेरीज केलीस तर ६९ येते. यात डबा कुठे घालवलेला नाही, महागडं काही नाही. मेसच्या काकूंना जाऊन सांग, ‘काकू, भाजी कमी चालेल, पण वरण घट्ट आणि दोन वाट्या द्या.’ माझ्या बऱ्याच मुलींनी हे मागून घेतलं आहे, काकू देतात. अंडी नकोत तेव्हा ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून भाजीत टाकल्या तर १५ ग्रॅम मिळतात.

म्हणजे ट्रेनर सांगतो ती पावडर घ्यायची का? त्या पावडरीतलं व्हे हे दुधापासूनच बनतं, ते काही विष नाही. पण तुला त्याची गरज नाही, आणि ज्याच्याकडे ती विकायला आहे त्याचा सल्ला घेऊन तर मुळीच नको. पावडरीला महिन्याला लागणाऱ्या पैशांत दूध, अंडी, दही, फळं सगळं येतं. फॅट बर्नर, डिटॉक्स चहा, ‘कटिंग’च्या गोळ्या यांना मात्र हातही लावू नकोस. आणि कुणी स्टेरॉइडचं नाव काढलं तर ती जिमच सोड. मुलींचा आवाज त्याने घोगरा होतो आणि औषध थांबवलं तरी बहुधा परत पूर्वीसारखा होत नाही.

कॅलरींचं म्हणशील, तर मध्यम कष्ट करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला त्याच परिषदेने दिवसाला २१३० आणि बैठं काम करणारीला १६६० सांगितल्या आहेत. तू १९०० च्या आसपास ये. एकदम जमणार नाही, दर आठवड्याला दोनेकशे वाढव. पहिल्या पंधरवड्यात वजन किलो-दीड किलो वाढेल. ते बरंचसं पाणी आणि स्नायूंत पुन्हा साठलेली साखर असते. त्या दिवसांत काट्यावर उभी राहू नकोस. ते ॲप काढून टाक.

हे वाचतानाच ‘वजन वाढेल’ या शब्दांनी छातीत धडधडलं असेल, खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल, कधी बोटं घालून उलटी केली असशील किंवा मैत्रिणींसमोर जेवायचं टाळत असशील, तर तेही डॉक्टरांना सांग. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलतात.

उपासाबद्दल तू विचारलं नाहीस, पण चतुर्थी आणि श्रावणी सोमवार आहेतच, पुढे नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. खिचडीत दाण्याचं कूट भरपूर घाल, नाहीतर वरईचा भात आणि दाण्याची आमटी खा. राजगिरा, दूध, दही आहेच. त्या दिवशी जड व्यायाम नको. आणि हिमोग्लोबिन वर येईपर्यंत नवरात्राचे नऊ दिवस धरू नकोस, उठता-बसता करायला आईची हरकत नसावी.

आता व्यायाम. ट्रेडमिल बंद. सध्या रोज २०-३० मिनिटं निवांत चालणं आणि आठवड्यातून दोनच दिवस, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, हलका ताकदीचा व्यायाम. व्यायाम पूर्ण थांबवावा असं डॉक्टर म्हणाल्या तर पूर्ण थांबव. सहा-आठ आठवडे नीट खाल्लंस, रक्त वर यायला लागलं की तिसरा दिवस जोडू.

पाच हालचाली पुरेत: बसून उठणं, कमरेतून वाकणं, ढकलणं, ओढणं आणि उचलून चालणं. बसून उठायला एक खुर्ची घे, छातीशी चार-पाच किलोचं डंबेल धर, खुर्चीला टेकून वर ये. तुला जमिनीवर उकिडवं बसता येत असेल, टाचा टेकलेल्या राहत असतील, तर निम्मं काम झालेलं आहे. ज्या मुली लहानपणापासून कमोडवर वाढल्या त्यांना हे नव्याने शिकवावं लागतं. ढकलण्यासाठी भिंतीवर किंवा टेबलावर हात ठेवून जोर काढ. जमिनीवरचे जोर नंतर आपोआप येतील. ओढण्यासाठी बाकावर एक हात टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल कंबरेकडे खेच. उचलून चालणं म्हणजे दोन्ही हातांत वजन घेऊन ताठ चालणं, भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन येतेस तसं.

कमरेतून वाकणं सगळ्यात नीट शिकून घे, कारण पाठी तिथेच दुखावतात. केर काढताना आपण पाठीची कमान करून वाकतो, ती सवय वजन हातात घेतल्यावर नडते. खोलीवर झाडूचा दांडा पाठीला उभा लाव. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला हवा. गुडघे किंचित मोकळे ठेव आणि नितंब मागे मागे ने. दांडा कुठेही सुटता कामा नये. मांडीच्या मागे ताण आला की वर ये. आठवडाभर नुसता दांडा घेऊन हे कर. मग दोन्ही हातांत पाच-पाच किलो.

प्रत्येकाचे आठ-आठचे दोन फेरे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. खाली जाताना श्वास घ्यायचा, वर येताना सोडायचा. फेरा संपला तेव्हा ‘अजून दोन झाले असते’ असं वाटायला हवं. आठाचे बारा सहज व्हायला लागले की वजन दोन-अडीच किलोने वाढव आणि पुन्हा आठावर ये. वहीत तारीख, वजन, किती वेळा, हे लिहीत जा. पाळीची तारीखही त्याच वहीत. पाळीत व्यायाम केला तर चालतो का, असं मुली विचारतात. बरं वाटत असेल तर चालतो, पोट फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी.

पळायचे मऊ तळव्यांचे बूट बैठकांना नकोत. सपाट कॅनव्हासचे बूट घाल नाहीतर अनवाणी कर. बांगड्या काढून ठेव, केस घट्ट बांध. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून वजन वर ढकलणं, पुढे कधी शिकलीस तर एकटी असताना बार घेऊ नकोस, डंबेलच वापर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकणं साधं आहे. सांध्यात टोचणारी कळ, पायाला मुंग्या, छातीत दुखणं, चक्कर, यापैकी काही झालं की तिथेच थांबायचं. उडी मारताना किंवा वजन उचलताना लघवीचे थेंब गेले तर लाजून गप्प बसू नकोस, फिजिओथेरपिस्टकडे त्यावर उपाय आहे.

काही जिममध्ये पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी मुलगी जिना उतरू शकली नाही की त्याला ‘चांगला वर्कआउट’ म्हणतात. हे धोक्याचं आहे. असह्य दुखणं, सूज आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. स्नायू फुटून त्यातले घटक मूत्रपिंडात जातात, त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आणि ट्रेनर पुरुष असेल तर ‘हात न लावता सांगा’ असं म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे. चांगला ट्रेनर हात लावण्याआधी विचारतो. न विचारणाऱ्याकडे थांबू नकोस.

आईला काय सांगशील? वजन उचलल्याने गर्भाशय खाली येत नाही आणि मूल होण्यात अडथळाही येत नाही. अडथळा येतो तो पाळी थांबेपर्यंत उपाशी राहिल्याने, आणि या बाबतीत आईची काळजी रास्तच आहे, फक्त तिचं बोट चुकीच्या गोष्टीवर आहे. दंड पुरुषांसारखे होतील ही भीतीही नको. त्याला लागणारं टेस्टोस्टेरॉन बायकांत पुरुषांपेक्षा दहा-वीस पटींनी कमी असतं. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ मध्ये ग्रीसला ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो गटात सुवर्णपदक घेतलं. स्नॅचमध्ये (एका दमात डोक्यावर) ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ८३, मिळून १५३ किलो. ते तुझ्याहून किलोभर हलक्या गटातलं वजन आहे. तिचा फोटो आईला दाखव.

पोटाचं राहिलं. ४६ किलोच्या मुलीला बीजकोश आणि गर्भाशय सांभाळणारं जे थोडं पोट असतं ते तसंच असायचं. संध्याकाळी, जेवल्यावर, पाळीच्या आधी ते फुगतं आणि सकाळी उतरतं. पाठ आणि मांड्या भरल्या की उभं राहण्याची ढब बदलते आणि कपडे वेगळे बसतात, हे मी बघत आले आहे. त्याला चार-सहा महिने लागतील.

तपासण्या झाल्या की हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) हे तीन आकडे आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते मला कळव. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं जड वजन कमरेतून वाकून उचलणं, कधी सुरू करायची ते त्यानंतर ठरवू.